आजीचे तीन आकडे

बोलोन्या, २४ फेब्रुवारी १९९१

लाडकी आजी,

शेजारच्या एर्सिलियाबाईंना म्हणावं हे पत्र तुला सावकाश वाचून दाखवा, यात बातमी आहे. न्यायालयाने आमचा प्रश्न मान्य केला. जूनमध्ये सार्वमत होणार. संसदेची निवडणूक कशी व्हावी हे पुढाऱ्यांनी नाही, आपण ठरवायचं. गेल्या वर्षी थंडीत चौकाचौकांत टेबलं मांडून सह्या गोळा केल्या, त्याचं सार्थक झालं.

प्रश्न साधा आहे. आज आपण पक्षाच्या चिन्हावर फुली मारतो आणि त्याच पक्षाची तीन माणसं निवडतो. नाव लिहिलं नाही तरी चालतं, यादीतला आकडा लिहिला की झालं. आम्ही म्हणतो, तीन नको, एकच. आणि आकडा नको, नाव लिहा.

कारण तुला सांगायला नको. निवडणुकीच्या आधी वकील लोरुस्सो घरोघर चिठ्ठ्या वाटायचे. आपल्या घराला ७-२-५, एर्सिलियाबाईंच्या घराला ५-२-७. माणसं तीच तीन, क्रम तेवढा वेगळा. लहानपणी मला वाटायचं, आपल्याला मुद्दाम चांगले आकडे दिलेत. आता कळतं की मोजणीच्या वेळी त्यांचा माणूस कान देऊन बसायचा. ७-२-५ वाचलं गेलं की इन्कोरोनाताने, म्हणजे तू, शब्द पाळला, नाही वाचलं गेलं की नाही पाळला. याला काय गुप्त मतदान म्हणायचं? एकच नाव असलं की खूण उरत नाही.

एक काम आहे. आपल्या तोर्रेस्पिना गावात आमच्या समितीचं कोणीच नाही. एर्सिलियाबाईंना विचारशील का? त्यांनी पोस्टात आयुष्य काढलंय, सगळा गाव त्यांना ओळखतो, पत्रकं वाचून समजावतील. त्यांच्यासारखं माणूस मिळालं तर मी निर्धास्त होईन.

तू काढा घेतेस ना? खोकला गेला का?

तुझी
दोनातेल्ला

*

तोर्रेस्पिना, ६ मार्च १९९१

दोना, माझ्या बाय,

तुझं पत्र मिळालं. एर्सिलियाने दोनदा वाचलं, एकदा मला आणि एकदा स्वतःला. मी विचारायच्या आधीच हो म्हणाली. तुझ्या तिथल्या कुणी तिला जर्मनीला निघायला सांगितलं असतं तरी ती काल रात्रीच पिशवी भरून बसली असती. इतकी वर्षं ती दुसऱ्यांची पत्रं लिहीत आली, तिच्या नावाने कोणी काही मागितलं नव्हतं. आता चालताना मान जरा वर असते. (हे असंच लिहा म्हणाल्या, म्हणून लिहिलं. — ए.)

आता तुझ्या ७-२-५ चं. पोरी, मला काय ते ठाऊक नव्हतं? वकील कान देऊन बसतो म्हणून तर मी ते लिहायचे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी दिवा आहे ना, तू ज्याच्याखाली दोरीवरच्या उड्या मारायचीस, तो कोणी लावला? माझ्या सात-दोन-पाचने. गुपचूप दिलेल्या मताला कोण दिवा लावतं गं?

आणि तीन होते म्हणून गावात शांतता होती. एक मत वकिलाच्या माणसाला, एक डॉक्टरच्या मेव्हण्याला, एक फादर सांगतील त्याला. तिघांनाही वाटायचं, इन्कोरोनाता आपली. आता तू म्हणतेस, एकच. म्हणजे दोघांच्या तोंडावर सांगायचं की बाबा, तू नाहीस. तुम्ही शिकलेली माणसं फार कठीण काळजाची.

आकडे मी तराजूवर शिकले. चीज विकायला बसायचे तेव्हा. सातला मी मधोमध आडवी रेघ देते, तशी फादरनासुद्धा येत नाही.

आणि नाव लिहायचं म्हणतेस. बरं.

(दोनातेल्ला, इन्कोरोनाताला आकडे लिहिता येतात, अक्षरं येत नाहीत, हे तुझ्या लक्षात आहे ना? त्यांना न विचारता लिहिते आहे. — ए.)

हिने आत्ता काय लिहिलं कोण जाणे. मी गप्प होते आणि पेन चालू होतं. विचारलं तर म्हणते, स्वल्पविराम.

खोकला गेला. काढ्याने नाही, मी कंटाळले म्हणून गेला. टेलिफोन मी काढून टाकलाय, तेव्हा बारवाल्याकडे फोन करून निरोप ठेवू नकोस. त्यात तुझा आवाज येतो, तू येत नाहीस, आणि बारमधली सगळी गिऱ्हाइकं ऐकतात.

स्वेटर पाठवलाय. घाल.

आजी

*

बोलोन्या, १७ मार्च १९९१

लाडकी आजी,

तुझं पत्र समितीच्या कचेरीत वाचून दाखवलं, दिव्याचा भाग ऐकून सगळे हसले. एकजण म्हणाला, तुझी आजी वकिलापेक्षा हुशार आहे. मी म्हटलं, आहेच.

एर्सिलियाबाईंचं काम बघून तर थक्क झाले. पत्रकं एका दिवसात संपली आणि त्यांनी आणखी मागवली. नळावर बायकांना थांबवून समजावतात म्हणे. त्यांना बिल्ल्यांचं पाकीट पाठवलंय. तूही एक घे.

स्वेटर पोचला. फार सुंदर आहे. इथे खोल्या गरम असतात म्हणून कपाटात जपून ठेवलाय.

सध्या इतकी धावपळ आहे की लांब लिहिता येत नाही. इथले मोठे पुढारी सार्वमताला हसतायत. हसू देत.

तुझी
दोना

*

तोर्रेस्पिना, ७ एप्रिल १९९१

दोनातेल्ला,

अक्षर वेगळं दिसेल. हे पत्र रोक्को न्हावी लिहितोय. दुकानात बसलेय, दाढीला आलेली दोन माणसं साबण लावून ऐकतायत, त्यांचाही तुला नमस्कार. असं का, ते सांगते.

परवा पोस्टमन गल्लीत आला. त्याच्या हातात तुझं पाकीट होतं. मला वाचता येत नाही पण तुझं अक्षर मी ओळखते, त्याला पोट असतं, गोल, फुगलेल्या पावासारखं. मी हात पुढे केला. तो म्हणाला, “आजी, हे तुमचं नाही, शेजारचं.” आणि एर्सिलियाच्या दाराखालून सारलं. जाड होतं. माझं पातळ असतं.

तिला विचारलं, काय लिहितेय माझी नात? म्हणाली, “कामाचं आहे, इन्कोरोनाता.” मी म्हटलं वाच. म्हणाली, “नंतर.” जगभरच्या बायकांची पत्रं जिने मला हसून हसून सांगितली, कुणाचा नवरा श्टुटगार्टला कुणाबरोबर राहतो ते सांगितलं, ती माझ्याच नातीचं पत्र नंतर वाचणार.

तुझे आई-बाप तुरिनला कारखान्यात होते तेव्हा तुला ताप आला की रात्र कोण जागायचं? एर्सिलिया? तिला तर तुझ्या रडण्याने डोकं दुखायचं, भिंतीवर ठोकायची. (हे मीपण ऐकलेलं आहे. — रोक्को.) तू ठोकू नकोस रोक्को, लिही.

मला बिल्ला नको. काळ्या शालीला तो शोभत नाही. तुझ्या एर्सिलियाने तर चर्चमध्ये मिसाला जाताना लावला होता. फादरनी प्रवचनात दोन वेळा तिच्याकडे बघितलं, ती समजली कौतुकाने.

तर आता ऐक. तू इथे ‘हो’ची बाई नेमलीस. ‘नाही’ला गावात कोणीच नव्हतं. चौकशी केली, वकिलाकडेही नाही. मग मी झाले. आपल्या गल्लीतल्या आस्सुन्ता, विन्चेन्त्सा, दोघी तेरेझा, सगळ्यांना सांगितलंय, तीन आकडे आपले, ते कोणी घेऊ बघेल तर नाही म्हणायचं. पत्रक लागत नाही त्याला. खुर्ची दाराबाहेर काढून बसले की झालं.

रोक्को म्हणतो, शेवटी प्रेमाचं काहीतरी लिहू. नको लिहूस रोक्को.

इन्कोरोनाता

(ताई, मी लिहिलं ते सांगितलं तसं लिहिलं. मला विचाराल तर मला दोन्ही बाजू पटतात. — रोक्को, न्हावी.)

*

बोलोन्या, १८ एप्रिल १९९१

लाडकी आजी,

हे पत्र एर्सिलियाबाईंकडूनच वाचून घे, रोक्कोच्या दुकानात नको. त्यांच्यासमोरच तुला कळावं असं मला वाटतं.

त्या जाड पाकिटात काय होतं ते सांगते. अक्षरं होती. मी हाताने काढलेली, एका कागदावर एक, मोठी, रंगवलेली. एर्सिलियाबाईंनी आधीच्या पत्रात कंसात दोन ओळी लिहिल्या होत्या. स्वल्पविराम नव्हता तो. मी त्यांना लिहिलं की आजीला गमतीगमतीत अक्षरं शिकवा, माझं नाव सांगू नका, तिला राग येईल. त्या म्हणाल्या असं लपवून जमणार नाही, आणि तशाच कागद घेऊन बसून राहिल्या. चूक त्यांची नाही.

आजी, मी रोज कुठल्यातरी चौकात उभी राहून सांगते, ‘आकडे बंद, आता नाव लिहायचं.’ टाळ्या पडतात. एकदाही मनात आलं नाही की माझी आजी आकड्यांनी मत देते. तू चीज तोलताना पाटीवर लिहायचीस, मी शेजारी बसलेली असायचे, आणि तरीही आलं नाही. त्या दोन ओळी वाचल्या त्या दिवशी माझ्याने भाषण झालं नाही.

तरी मी ‘हो’चंच काम करणार. मला ते खरं वाटतं. तू ‘नाही’ला मत दे, तुला हक्क आहे. पण नक्की जा. एवढं माझं ऐक. काही झालं तरी मतदानाला जा.

तुझीच
दोना

*

तोर्रेस्पिना, १२ मे १९९१

दोना,

एर्सिलिया लिहितेय. रोक्कोकडे जाणं बंद केलं, त्याच्या दुकानात मी सांगितलेलं सगळं संध्याकाळपर्यंत बाजारात पोचलं होतं, शिवाय भर घालून.

तुझे कागद एर्सिलियाने दाखवले. सुंदर काढलीस. त्यांच्यावर मी शेवया वाळत घातल्यात, जाड कागद, ओल धरत नाहीत. (आठ कागद मी परत मागून घेतले. — ए.) हिला सारखं काहीतरी माझ्याकडून परत हवं असतं.

आता मजा ऐक. गेल्या आठवड्यात वकील लोरुस्सो आला. टोपी हातात. बसला, कॉफी घेतली. म्हणाला, “इन्कोरोनाता, ऐकलं तुम्ही गल्ली बांधून ठेवलीय ‘नाही’साठी.”

मी म्हटलं, “बांधलीय. तुम्ही काय केलंत?”

“मी बस ठरवलीय. रविवारी, मतदानाच्या दिवशी. मेतापोन्तोला, समुद्रावर. गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन चला.”

“मग ‘नाही’ कोण म्हणणार?”

हसला तो. “अहो, निम्मा देश मतदानाला आला नाही तर सगळंच रद्द. न जाणं हेच मोठं ‘नाही.’ तुम्ही जाऊन ‘नाही’वर फुली मारलीत तरी डोकं मोजलं जाईल, आणि ते डोकं त्यांच्या कामी येईल.”

तो गेल्यावर बराच वेळ मी खुर्चीत बसून होते. मग भिंतीवर ठोकलं. एर्सिलिया आली. म्हटलं, “खरं का हे?” तिला खोटं बोलता येत नाही, पोस्टात राहून राहून तोंडालाही शिक्का बसलाय. म्हणाली, “खरं आहे. तुम्ही घरी बसलात तर आमचं जास्त नुकसान.”

म्हणजे ‘नक्की जा, नक्की जा’ हे त्यासाठी होतं. मला वाटलं होतं, माझ्यासाठी.

आता तुला माझं ‘नाही’ हवंय, आणि गल्लीचंही. गल्ली माझ्या खुर्चीकडे बघून चालते हे तुला ठाऊक आहे. तर भाव सांगते. तू मतदानाला येणार असं एर्सिलिया सांगते, आधी तिला कळवलंस, असो. शनिवारी माझ्याकडे उतरायचं. माझ्याकडे झोपायचं, माझ्या टेबलाशी जेवायचं. एर्सिलियाच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, पत्रकं आणायलासुद्धा नाही. एवढं केलंस तर गल्ली घेऊन शाळेत मतदानाला येते. नाहीतर समुद्र.

आजी

(शब्दशः लिहिलं आहे. — ए.)

*

बोलोन्या, २२ मे १९९१

आजी,

नाही.

तू मागितलंस ते मी एरवी आनंदाने केलं असतं. तुझ्या घरी झोपायला मला कोणी सांगावं लागतं का? पण मतासाठी नाही. वकिलाने दिवा दिला, तू आकडे दिलेस. आता तू मला मत देणार आणि मी तुला मुक्कामाच्या रात्री देणार. मग माझ्यात आणि लोरुस्सोंमध्ये फरक काय? मी वर्षभर ज्याच्याविरुद्ध बोलले तेच माझ्या आजीशी करू?

आणि तू म्हणतेस ते खरं आहे. ‘नक्की जा’ म्हणताना मी तुला कारण सांगितलं नाही. ते लपवणंही त्यातलंच झालं. आता सांगते, तू आलीस तर आमचा फायदा आहे, आमचं नुकसान करायचं असेल तर समुद्रावर जा. जे वाटेल ते कर.

मी शनिवारी पोतेन्झाला मैत्रिणीकडे उतरेन आणि रविवारी पहाटेच्या गाडीने येईन. रविवारची रात्रही तिच्याकडेच, आणि सोमवारी उरलेलं काम आटोपून दुपारी निघेन. तुमच्या दोघींपैकी कोणाच्याच घरी झोपणार नाही. एर्सिलियाबाईंनाही तसं कळवलंय. त्यांनी पलंग तयार केला होता.

दोना

*

तोर्रेस्पिना, १६ जून १९९१

दोना, माझ्या बाय,

तू सोमवारी दुपारी गेलीस ती माझ्याशी धड न बोलता. तुझ्या गाडीची वेळ झाली होती, आणि मी भांडी घासत होते. घासलेलीच भांडी होती. म्हणून आता सांगते. तू शाळेत होतीस, बसमध्ये काय झालं ते तुला दिसलं नाही. एर्सिलियालाही आत्ताच कळतंय, लिहिता लिहिता.

तुझं शेवटचं पत्र तिने वाचलं तेव्हा मला राग आला. मग तिने पलंगाची ओळ वाचली. ती ओळ तिला गिळता आली असती, मला काय कळणार होतं. पण वाचली. आणि चष्मा पुसत बसली. मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं की कुणाचा तरी पलंग माझ्यासारखा रिकामा राहणार. मीसुद्धा उशीला नवा अभ्रा घातला होता, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

तर मी ठरवलं, समुद्र. नातीला आजी नको असेल तर समुद्र तर आहे. शनिवारी भट्टीतला पास्ता केला, मोठ्या परातीत, अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा. बटाटा-अंड्याच्या पोळ्या केल्या. लाल मिरच्या तेलात तळून पुड्या बांधल्या. आस्सुन्ताने टरबूज घेतलं. बाकी कोणी काही केलं नाही, कारण मी सांगितलं होतं, जेवण माझ्याकडे.

रविवारी सकाळी बस चौकात. वकील स्वतः हात धरून एकेकीला चढवत होता. मी पुढच्या सीटवर, परात मांडीवर. विन्चेन्त्सा म्हणाली, “इन्कोरोनाता, तू पाण्यात उतरणार?” मी म्हटलं, “पाण्याने विचारलं तर.” सगळ्या हसत होत्या. आस्सुन्ताने तर तिच्या नवऱ्याची गवताची हॅट घातली होती. गाडी सुरू झाली आणि शाळेवरून वळली.

तिथे पायरीवर तू बसली होतीस. आणि ती. बिल्ले काढून ठेवले होते, मतदानाच्या दारात चालत नाहीत म्हणून असेल. थर्मासच्या एकाच झाकणातून तुम्ही कॉफी पीत होतात, एक घोट तू, एक घोट ती. सकाळचं गार होतं. तुझ्या खांद्यावर तिचा निळा स्वेटर होता.

माझा बोलोन्याला कपाटात आणि तिचा तुझ्या खांद्यावर.

मी सार्वमताचा विचार केला नाही बाय. निम्मा देश, अर्धं डोकं, काहीच नाही. मला एवढंच दिसलं की मी समुद्रावर गेले की हिला अख्खा दिवस मिळणार, वर सोमवारही. मी ड्रायव्हरला म्हटलं, “थांबव.”

तो म्हणाला, “आजी, शौचाला ना? पुढे पेट्रोलपंपावर थांबतो.”

“शौचाला असते तर सांगितलं असतं. थांबव.”

“एकदा उतरलात की मी वाट बघणार नाही.”

“नको बघूस. समुद्र बघ.” आणि परात घेऊन उतरले.

मागे गलका झाला. विन्चेन्त्सा खिडकीतून ओरडली, “अगं, पास्ता?” मी म्हटलं, “पास्ता मत द्यायला चाललाय.” मग आधी दोघी तेरेझा उतरल्या. मग टरबूज. मग सगळ्या. बसमध्ये ड्रायव्हर उरला आणि वकिलाची बहीण, तिला अंड्याची पोळी पचत नाही.

वकील चौकातून धावत आला, धापा टाकत. म्हणाला, “इन्कोरोनाता, हे काय? आपलं ठरलं होतं. बसून राहणं हेच ‘नाही.’”

मी म्हटलं, “वकीलसाहेब, तुमच्या कानाला ते ऐकू येतं. माझं ‘नाही’ मला तरी ऐकू आलं पाहिजे.”

“त्याने त्यांचा फायदा होतो.”

“ठाऊक आहे. तुम्हीच सांगितलंत. धरा, ही परात जरा धरा.” त्याने धरली. आम्ही आत जाऊन येईपर्यंत तो पायरीवर पास्ता घेऊन उभा होता. सगळ्या गावाने बघितला. तेवढ्यासाठीसुद्धा उतरणं परवडलं.

आत तू समितीच्या बाकावर बसली होतीस. नियमाने माझ्याकडे बघितलं नाहीस. मीही नाही. अध्यक्षांनी माझं नाव मोठ्याने वाचलं, पेन्सिल दिली. मी पडद्यामागे गेले, फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली. झालं.

तुझं ‘हो’ जिंकलं. देशभर जिंकलं, निम्म्याहून कितीतरी लोक गेले, रेडिओने रात्रभर तेच सांगितलं. म्हणजे आमची गल्ली आली नसती तरी तुमचं अडलं नसतं. वकिलाने हे मला मुद्दाम येऊन सांगितलं. मी म्हटलं, तुमचे हात दुखतात का अजून?

माझे आकडे गेले. सातची आडवी रेघ आता चीजच्या पाटीवरच. एर्सिलिया म्हणते, अक्षरं शिकवते, एक नाव लिहिण्याइतकी, महिन्यात होईल. मी तिला स्पष्ट सांगितलं, तुझ्याकडून नाही. तिला वाईट वाटलं. (वाटलं. — ए.) वाटू दे. ती शिकवेल आणि मग गावभर सांगेल कोणी शिकवलं. शिवाय पुढच्या खेपेला लिहावं असं एकतरी नाव यादीत असायला हवं. ते तुम्ही आधी बघा.

आता तू विचारशील, आजी, फुली कशावर मारलीस?

वकिलाने विचारलं. फादरनी आडून विचारलं. विन्चेन्त्सा म्हणाली मी ‘नाही’वर मारली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली, कुठल्याही बाजूला लागेल अशी. एर्सिलिया रोज विचारते. सकाळी दूध आणताना विचारते, भिंतीवर ठोकून विचारते. कालपासून माझ्या आवडीचा हरभऱ्याचा रस्सा करून आणते आणि मी खात असताना माझ्या तोंडाकडे बघते.

बाय, तुझा जन्म झाला तेव्हापासून मी तुला जे काही कळवलं ते हिच्या हातून. तुझ्या वाढदिवसाचे आशीर्वाद, माझा खोकला, माझा राग, सगळं आधी हिला कळतं, मग तुला. तू जे लिहितेस तेही आधी हिच्या डोळ्यांतून जातं. एवढी एकच गोष्ट मी हिच्याशिवाय, माझ्या हाताने लिहिली, पडदा ओढून. ती मी कोणालाही सांगितली नाही.

तुला सांगायचीय. पण पत्रात सांगायची तर हिला सांगून लिहून घ्यावी लागेल. टेलिफोन मी लावणार नाही. रोक्को तर नकोच.

तेव्हा ऑगस्टमध्ये ये. मत संपलं, आता यात कसला भाव नाही, तुझ्या तत्त्वाला धक्का लागत नाही. कुठे झोपायचं ते तू ठरव. हिचा पलंगही मऊ आहे, मी बसून बघितलाय. फक्त पहिल्या दिवशी माझ्याकडे ये, दार लावून घे आणि कान पुढे कर.

ही लिहायची थांबलीय. म्हणते, “निदान पहिलं अक्षर सांगा.”

लिही म्हटलं, आजी. एवढंच लिही आणि पाकीट बंद कर.

आजी